पळायला जाणं आणि पळून जाणं

वाचक विचारतात

धावणं, भीती आणि ख्रिस्ती विश्वास या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत. तपासण्या आणि औषधांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. डॉक्टरांच्या जागी ते वापरू नका.

प्रश्न: जय ख्रिस्त. वय 34, राहते बोरिवलीला, नोकरी दादरला. आठ महिन्यांपूर्वी फास्ट गाडीत अंधेरी सुटल्यावर एकाएकी छाती धडधडायला लागली, बोटांना आणि ओठांना मुंग्या आल्या, आता आपण जातो असंच वाटलं. ईसीजी, इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक आहे, व्यायाम सुरू करा. पण पळायला गेले की दोन मिनिटांत तीच धडधड आणि तीच भीती. मग मी थांबते. प्रार्थनागटातल्या एक ताई म्हणतात, भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतोय. काय करू?

उत्तर: ताई, तपासण्या झाल्या आहेत हे फार बरं झालं. आता पुढचं सगळं निर्धास्तपणे करता येईल.

आधी हे का होतं ते बघू. घाबरल्यावर शरीर जे करतं तेच ते पळतानाही करतं: नाडी वाढते, श्वास वाढतो, घाम येतो, पोटात गोळा येतो. गाडीतल्या त्या दिवशी तुमच्या मेंदूने एक जोडी पक्की केली, धडधड म्हणजे धोका. आता धडधड जिन्याने होवो, पळण्याने होवो की कडक चहाने, घंटा तीच वाजते. ही जोडी समजुतीने सुटत नाही. सुरक्षित जागी, आपण होऊन, मोजून धडधड आणायची आणि ती आपोआप उतरेपर्यंत तिथेच थांबायचं, यानेच ती सुटते. पॅनिकची लाट साधारण दहा मिनिटांच्या आत शिखरावर पोहोचते आणि मग ओसरते. तुम्ही नेमक्या शिखरावर थांबता, त्यामुळे मेंदू शिकतो की थांबले म्हणून वाचले. पुढच्या वेळी घंटा आणखी लवकर वाजते.

पहिला आठवडा घरातच. जागच्या जागी गुडघे उचलून 30 सेकंद पळा आणि उभ्या राहा. नाडी चाचपायची नाही, घड्याळातले ठोके बघायचे नाहीत. भीतीला 0 ते 10 मध्ये गुण द्या, वहीत लिहा. आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबा, मग पुन्हा. एका वेळी तीनदा, आठवड्यातून चार दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचा पहिलाच आकडा खाली आलेला असतो. नसला आला, तर आणखी एक आठवडा इथेच राहा.

दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या आवारात या. 5 मिनिटं चालणं, मग 1 मिनिट पळणं आणि 2 मिनिटं चालणं असं सहा वेळा, शेवटी 5 मिनिटं चालणं. एकूण 28 मिनिटं, एक दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 2 मिनिटं पळणं, 2 मिनिटं चालणं. पाचव्यात 3 ला 1. सहाव्यात 5 ला 1, पण चारच वेळा. वेग इतका कमी ठेवा की शेजारून भरभर चालणारं माणूसही तुमच्या बरोबरीने येईल. पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नव्याने पळणाऱ्या पुष्कळांची दमछाक वेगामुळे होते, आणि दमछाक तुमच्या भीतीला आयतं निमित्त देते.

पळताना लाट आली तर गपकन थांबू नका, चालायला लागा आणि ठरलेला वेळ पूर्ण करा. श्वास तीन पावलांत आत, चार पावलांत बाहेर. बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या. घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. तुमच्या त्या मुंग्या याच होत्या.

बिघडतं कुठे, तेही सांगतो. पळण्याआधी अर्ध्या तासात चहा-कॉफी. रात्री अर्धवट झोप आणि सकाळी रिकामं पोट. अर्धं केळं तरी खा. बरं वाटतंय त्याच दिवशी जाणं, त्यामुळे वाईट दिवसाची भीती तशीच राहते. आणि दर वेळी कुणाला तरी फोन चालू ठेवून पळणं. तो फोन हळूहळू ताईत होऊन बसतो.

आता प्रार्थना, कारण तिचाही असा ताईत होऊ शकतो. ‘प्रभू, हे आत्ताच्या आत्ता घालव’ असं लाटेच्या शिखरावर पुटपुटत राहिलं की लक्ष सारखं ‘गेलं का, गेलं का’ याकडेच लागतं आणि लाट लांबते. त्याऐवजी सोबत मागा. तेविसावं स्तोत्र तुम्हाला पाठ असेलच. त्यातला माणूस दरीला वळसा घालत नाही, दरीतूनच जातो, आणि त्याला धीर एकाच गोष्टीचा आहे की कुणीतरी बरोबर चाललंय. ‘तू बरोबर आहेस’ एवढे तीन शब्द श्वास सोडण्याच्या चार पावलांवर नीट बसतात.

प्रार्थनागटातल्या त्या ताईंचा हेतू चांगला असेल, पण त्यांचं म्हणणं पवित्र शास्त्राला धरून नाही. 56व्या स्तोत्राच्या तिसऱ्या वचनात भीती आणि भरवसा एकाच वाक्यात, एकाच माणसाच्या तोंडी आहेत: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. वादळातल्या मचव्याची गोष्ट त्या काढतील. मार्कच्या चौथ्या अध्यायात प्रभू आधी वारा शांत करतो आणि मग शिष्यांना विचारतो की तुम्ही एवढे का घाबरलात. अजून विश्वास नाही का, असंही विचारतो, पण विश्वास वाढेपर्यंत त्यांना वादळात ठेवत नाही. ‘भिऊ नको’ हे शब्द बायबलमध्ये बरोबर 365 वेळा आहेत, रोजचा एक, असा निरोप फिरत असतो. मोजायला बसलं की तो आकडा भरत नाही. पण हे शब्द ज्यांना सांगितले गेले त्यांतले बहुतेक भ्यालेलेच होते.

चौथ्या आठवड्यापासून गाडी. दुपारी अकरा ते चारमध्ये स्लो गाडीने बोरिवली ते कांदिवली आणि परत. मग मालाड, मग अंधेरी. त्यानंतर दुपारचीच फास्ट, अंधेरी ते वांद्रे; पार्ले, सांताक्रूझ, खार ही तीन स्टेशनं न थांबता जातात आणि तुमचं गाठोडं तिथेच आहे. गर्दीच्या वेळेची फास्ट सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर भीतीचा आकडा दोनदा 3 किंवा त्याखाली आला की पुढची पायरी चढा. दोन महिन्यांत काहीच हललं नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सीबीटी नावाची, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धत यावर चांगली लागू पडते, काहींना काही महिने गोळ्याही लागतात. मधुमेहाची गोळी घेताना कुणी विश्वास मोजत नाही, ही गोळीही तशीच. ‘टेली मानस’च्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न: वय 58, वांद्र्याचा ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतला मूळचा कॅथलिक. सात महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. डॉक्टरांनी हळू पळायला परवानगी दिली आहे, पण पाय उचलत नाही. वाटतं, पळालो आणि तिथेच थांबलं तर? रोज जपमाळ करत फिरतो. जपमाळ करत पळणं हा अनादर तर नाही ना? आणि हातात माळ धरून पळायचं कसं?

उत्तर: काका, अनादर मुळीच नाही. मन मणी सोडून घड्याळाकडे गेलं तर चुकलं, पण ते बसूनही जातं. उलट जपमाळ हेच तुमचं माप करू या.

त्याआधी एक चौकशी. परवानगी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतलेला ईसीजी, करून दिली आहे की तोंडी? केली नसेल तर करून घ्या आणि किती ठोक्यांपर्यंत जायचं तो आकडा लिहून मागा. हृदयविकारानंतर अनेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी असते. ती नाडीला वर जाऊ देत नाही, त्यामुळे ‘220 वजा वय’ हे कमाल ठोक्यांचं सूत्र तुमच्यासाठी निरुपयोगी आहे आणि मनगटावरचं घड्याळही फसवं. अशा वेळी बोलता येतंय का, हीच कसोटी खरी.

शांतपणे म्हटलेला एक ‘नमो मारिया’ 15 ते 20 सेकंदांचा होतो. एक दशक, म्हणजे जपमाळेतला अशा दहांचा एक भाग, तीन ते चार मिनिटांचं. म्हणजे असं करायचं: सुरुवातीच्या प्रार्थना आणि पहिलं दशक सावकाश चालत, दुसरं दशक भरभर चालत. इथपर्यंत दहा मिनिटं होतात आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या नीट उघडतात. तिसऱ्या दशकातले पहिले तीन ‘नमो मारिया’ पळत, उरलेले सात चालत. चौथ्यातही तसंच. पाचवं पूर्ण सावकाश चालत. दोन आठवडे त्रास झाला नाही तर तिनाचे चार करा, आणखी दोन आठवड्यांनी पाच. पाचाच्या पुढे पुढच्या तपासणीनंतर. एक ‘नमो मारिया’ दोन-तीन श्वासांत म्हणता येत नसेल तर वेग जास्त आहे, लगेच चालायला लागा. जप पळण्याच्या वेगाशी जुळवायचा मोह होतो. उलट करा, पाय जपाशी जुळवा.

पाचवं दशक खाऊ नका, म्हणजे उरकून बाकावर बसू नका. पळून एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं, रक्तदाब झपकन उतरतो आणि चक्कर येते. हृदयाचे रुग्ण पडतात ते पुष्कळदा या क्षणी.

लांब माळ पळताना गुंतते आणि धातूची असेल तर घामाने काळी पडते. दहा गाठींची सुताची माळ करून घ्या, बोटाला दोन वेढे बसतील एवढी, किंवा दहा उंचवट्यांची अंगठी मिळते ती. अंगठ्याने एकेक गाठ पुढे सरकवायची. कानात काही घालू नका. कार्टर रोड, बँडस्टँड सपाट आहेत, तिथेच राहा. मोत माउलीच्या डोंगराचा चढ निदान पहिले तीन महिने पळत चढायचा नाही, चालत चढा. उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये सकाळी सातच्या आत घरी.

छातीत दाब, तो डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणं, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, पाच मिनिटं चालूनही न बसणारी धाप: यातलं काहीही झालं तर जिथे असाल तिथे बसा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर एक ठेवा, पाच मिनिटांत उतार नाही तर 108. लैंगिक ताकदीची गोळी घेत असाल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. दोन्ही मिळून रक्तदाब फार खाली जातो. आणि आता पळतो, धडधाकट आहे म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करू नका. खिशात नाव, आजार आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा.

भीती कधी जाईल, हे तुम्ही विचारलं नाही, पण पत्रात ते आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे प्रसंग, असतात आणि त्यातलं पहिलं गेथसेमने बागेचं. मरण समोर दिसत असलेला येशू तिथे तीन मित्रांना जवळ राहायला सांगतो, आणि लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. काका, मरणाची भीती ज्याला ठाऊक आहे त्याच्याबरोबरच तुम्ही चालताय. आणि तुम्हीही एकटे जाऊ नका, पहिले दोन महिने मुलगा, शेजारी, कुणीतरी बरोबर न्या.

प्रश्न: वय 22, चेंबूर. पहाटे सव्वापाचला पळायला निघते. गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा कुत्री असतात. एकदा मागे लागली, तेव्हापासून पळणंच बंद आहे. प्रार्थना करून निघते, तरी पाय थरथरतात.

उत्तर: प्रार्थना करून निघा आणि गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जा. कुत्री पळत्या गोष्टीच्या मागे लागतात. टोळी दिसली की 20 मीटर आधीच चालायला लागा, शक्य तर रस्त्याची बाजू बदला, पुढे 20 मीटर गेल्यावर पळा. मागे आलीच तर थांबा, अंग तिरकं करा, हात छातीशी, डोळ्यांत डोळे घालू नका, पाठ न दाखवता हळूहळू बाजूला सरका. दगड मारू नका. आज पळाली तरी उद्या ती तुम्हाला ओळखून आधीच भुंकतील. भीती कमी करायला आठवडाभर उजाडल्यावर जा, सोसायटीच्या वॉचमनला किंवा त्यांना खायला घालणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन त्याच टोळीजवळ दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. कुत्री दिवसा झोपलेली दिसतात, तेही उपयोगी पडतं.

चावलंच तर जखम नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरचीपूड काही लावायचं नाही. त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात रेबीजची लस घ्या. कातडीत दिली जाणारी लस 0, 3, 7 आणि 28व्या दिवशी असते, एकही दिवस चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही द्यावं लागतं, तिथे आठवण करून द्या. चावणारं कुत्रं ओळखीचं, पाळलेलं असलं तरी.

प्रश्न: सप्रेम सलाम. वय 27, भायखळा. जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन पहिल्यांदाच धावणार आहे. दोन धास्ती आहेत. एक, शर्यत रविवारी, आणि मी मंडळीच्या गायनात आहे. आई म्हणते, रविवार प्रभूचा. दुसरी, सगळ्यांत शेवटी राहिलो आणि मागून येणाऱ्या, रेंगाळलेल्यांना गोळा करणाऱ्या बसने उचललं तर? पेडर रोडच्या चढाबद्दल तर सगळेच घाबरवतात.

उत्तर: आईंच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कॉटलंडचा एरिक लिडेल 100 मीटर धावला नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी होती. त्याऐवजी त्याने 400 मीटरची तयारी केली आणि 47.6 सेकंदांत ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलं, 200 मीटरमध्ये कांस्य. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि 1945 मध्ये तिथल्याच जपानी नजरकैदेच्या छावणीत वारला. पण ही गोष्ट दुसऱ्याला मारायची काठी करू नये. त्याने निर्णय स्वतःसाठी घेतला होता.

आमचं मत असं: जानेवारीतला एक रविवार हा खरा प्रश्न नाही. तयारीच्या सोळा आठवड्यांतले सोळा रविवार हा प्रश्न आहे, कारण लांब पल्ल्याचं धावणं सगळे रविवारी सकाळी ठेवतात. ते शनिवारी पहाटे ठेवा. मग वर्षात एकच रविवार उरतो. त्याबद्दल पाळकसाहेबांशी डिसेंबरातच बोला, आदल्या रात्री नको. गायनाच्या जागी कोण उभं राहील ते ठरवा, आणि संध्याकाळची उपासना जिथे असेल तिथे जा. कॅथलिक वाचकांसाठी: शनिवारी संध्याकाळचा मिस्सा रविवारच्या बंधनात धरला जातो. इतकं करूनही आईंना दुखावून धावावंसं वाटेना, तर तेही ऐका आणि दुसऱ्या वारी असलेली शर्यत शोधा.

आता त्या बसबद्दल. आयोजकांच्या पत्रकात दिलेली शेवटची वेळ मिनिटांत घ्या आणि 21.1 ने भागा. समजा 210 मिनिटं असतील, तर किलोमीटरला जवळजवळ 10 मिनिटं मिळतात. नियमित तयारी केलेला तुमच्या वयाचा माणूस याच्या खूप आत असतो. आकडा कागदावर उतरला की ही धास्ती निम्मी होते. उरलेल्या निम्मीसाठी एखाद्या शनिवारी गटाबरोबर मुद्दाम सगळ्यांत शेवटी धावा, शेवटपर्यंत. शर्यतीच्या दिवशीही आपल्या रांगेत मागे उभे राहा आणि पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा 20 ते 30 सेकंद हळू जा. पुढे उभं राहून लोटात वाहत गेलेली मंडळीच पुढे फुटपाथवर बसलेली दिसतात.

पेडर रोडचा चढ उंचीमुळे नडत नाही, शर्यतीच्या उत्तरार्धात येतो म्हणून नडतो. तोवर उजाडलेलं असतं आणि पाय जड झालेले असतात. म्हणून चढाचा सराव ताज्या पायांनी करून भागत नाही. भायखळ्याहून माझगावचा डोंगर जवळ आहे. तिथल्या बागेला मुंबईचे 1925 सालचे महापौर जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांचं नाव आहे. ते टिळकांचे सहकारी आणि ईस्ट इंडियन समाजातले. आठवड्यातून एकदा 6 किलोमीटर सपाटीवर धावा आणि मग त्या चढावर चार फेऱ्या मारा, पुढे सहा, मग आठ. पावलं आखूड, नजर दहा मीटरवर, उतरताना चालत. शर्यतीत त्या चढावर वेग बघू नका, श्वास बघा. तिथे एक मिनिट चाललात तरी काही बिघडत नाही. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातल्या शेवटच्या वचनात क्रम आधी उडण्याचा, मग धावण्याचा आणि सगळ्यात शेवटी चालण्याचा आहे, हे तिथे आठवा.

पाण्याचं एक. दमट हवेत घाम वाळत नाही, मिठासकट नुसता गळतो. दर टेबलावर नुसतं पाणी ढोसत गेलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तहान असेल तेव्हाच प्या आणि निम्म्या वेळा मीठ-साखरेचं पाणी घ्या. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे मोजे, नवं काहीही नको.

प्रश्न: वय 44, मुलुंड. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ अचानक गेला. तेव्हापासून रोज 14 ते 16 किलोमीटर पळतो. एक दिवस चुकला तर संध्याकाळी घरात बसवत नाही, भीतीच वाटते, कशाची ते सांगता येत नाही. महिनाभर उजव्या नडगीत एकाच जागी दुखतंय, तरी जातो. भाऊ शिवडीच्या दफनभूमीत आहे, अंत्यविधीनंतर मी तिकडे गेलेलो नाही. परवा बायको म्हणाली, “अहो, तुम्ही पळायला जात नाही, तुम्ही पळून जाता.” हे खरं आहे का?

उत्तर: तुम्ही ते शब्द आम्हाला जसेच्या तसे लिहून पाठवलेत, यावरून तुम्हाला ते पटलेत असं वाटतं.

पायाचं आधी, कारण ते थांबणारं नाही. नडगीवर बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखणं, त्या पायावर उडी मारली की कळ येणं, रात्रीही ठणकणं, ही हाडाला बारीक तडा जाण्याची लक्षणं आहेत. या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, एमआरआयमध्ये तडा दिसतो. निघालाच तर साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद. तसंच पळत राहिलात तर बारीक तड्याचं पूर्ण फ्रॅक्चर होतं. तोवर दुखत नसेल तर पोहणं किंवा जागेवरची सायकल, पण रोज नको.

आता दुसरं. पळणं हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. दुखत असताना जाणं, एक दिवस चुकला तर घाबरणं, घरचं माणूस बाजूला पडणं, सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा पाच-दहा ठोके जास्त असणं, झोप तुटणं: यातल्या पहिल्या तीन गोष्टी तुमच्या पत्रातच आहेत. उरलेल्या दोन मोजून बघा.

बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्टा दोनदा धावतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी परमेश्वराचं सामर्थ्य त्याच्यावर येतं आणि तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो. लगेच एकोणिसाव्यात तोच माणूस ईजबेल राणीला भिऊन पळतो, एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. पाय तेच, कदाचित वेगही तोच. देवदूत त्याला बोल लावत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई त्याच्या उशाशी असते. ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो: खा, वाट तुला झेपण्यासारखी नाही. मग पुढे होरेब डोंगरावर त्याला विचारलं जातं, एलीया, इथे काय करतोयस? हा प्रश्न खाणं आणि झोप झाल्यावरचा आहे. तुमचाही क्रम तोच असू द्या. महिनाभर रात्री साडेदहाला अंथरुणात, सकाळी पोटभर न्याहारी.

पाय बरा झाल्यावर आठवड्यातून चारच दिवस, पहिल्या महिन्यात एका वेळी 5 किलोमीटरच्या पुढे नाही. रविवारी अजिबात नाही. पहिले दोन-तीन रविवार अंग तडफडेल, संध्याकाळ खायला उठेल. त्या संध्याकाळीच खरं काम आहे. खुर्चीत 15 मिनिटं बसा, टीव्ही-फोन बंद. भीतीला गुण द्या, वरच्या ताईंना सांगितले तसेच. भावाचा एखादा फोटो, त्याचं घड्याळ, जे दोन वर्षं कपाटात असेल ते समोर घ्या. रडू आलं तर येऊ द्या. बोलायला शब्द नसतील तर 88वं स्तोत्र मोठ्याने वाचा. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी उजेडाकडे वळतात, हे मात्र अंधारात संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. 15 मिनिटं झाली की उठा आणि पत्नीजवळ जाऊन बसा. जीव नकोसा होणारे विचार येत असतील तर वाट बघू नका, वर दिलेल्या 14416 वर त्याच दिवशी फोन करा.

शिवडी टप्प्याटप्प्याने. मुलुंडहून कुर्ला, तिथून हार्बर मार्गाची गाडी. पहिल्या खेपेस फक्त फाटकापर्यंत, दहा मिनिटं थांबा आणि परत या. दुसऱ्या खेपेस आत, जिथवर पाय नेतील तिथवर. तिसऱ्या खेपेस कबरीपाशी, 2 नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या गर्दीत नको, एखाद्या साध्या दिवशी, सकाळी. पत्नीला तिन्ही वेळा बरोबर न्या. फुलं आणि मेणबत्ती त्यांच्या हातात द्या. आणि घरून निघताना बूट घालू नका, चपला घाला.